मित्राचा जुना पीसी: फॉरमॅट मारण्याआधी

घरचा जुना पीसी बिघडला की सगळ्यांच्या तोंडी एकच सल्ला असतो: फॉरमॅट मार. मी हा उपाय यादीत सर्वांत खाली ठेवतो, आणि कित्येकदा तिथपर्यंत जायची वेळच येत नाही. आठ-दहा वर्षं चाललेल्या मशीनमधले बरेच बिघाड विंडोजमध्ये नसतातच. ते असतात धुळीने भरलेल्या पंख्यात, संपलेल्या सेलमध्ये, सैल झालेल्या रॅममध्ये, शेवटाला आलेल्या हार्ड डिस्कमध्ये. फॉरमॅटने यांतलं काहीही बरं होत नाही. उलट डिस्क जायला टेकली असेल तर विंडोज नव्याने टाकताना होणाऱ्या लिखाणाने ती पूर्ण जाऊ शकते, आणि तिच्याबरोबर मित्राचे दहा वर्षांचे फोटोही. स्वतःच्या पीसीवर हवे ते प्रयोग करा. दुसऱ्याच्या पीसीवर मात्र क्रम पाळायचा: आधी विचारपूस, मग डेटा, मग बिघाडाचा शोध, आणि एका वेळी एकच बदल.

विचारपूस

‘चालू होत नाही’ एवढ्यावर काम सुरू करू नका. बटण दाबल्यावर दिवाही लागत नाही? पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही? कंपनीचा लोगो येतो आणि विंडोजपाशी गाडी अडते? की विंडोज नीट येतं आणि थोड्या वेळाने हँग होतं? पहिल्या प्रकारात मी वायर, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि पॉवरचं बटण बघतो. दुसऱ्यात रॅम, ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड. तिसऱ्यात डिस्क किंवा बायोसची (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, बोर्डावरच्याच प्रोग्रामची) सेटिंग. चौथ्यात उष्णता, रॅम आणि पुन्हा डिस्क. या एका प्रश्नाने निम्मं काम हलकं होतं.

मग विचारायचं, हे कधीपासून आणि त्याच्या आधी काय झालं. लाइट जाऊन-येऊन झाली होती का? कॅबिनेट एका खोलीतून दुसरीकडे हलवलं का? कुणी रॅम वाढवली, नवा प्रिंटर जोडला? सकाळी पहिल्यांदा चालू होताना नखरे आणि एकदा चालू झाला की दिवसभर ठीक, असं असेल तर माझा संशय एसएमपीएस किंवा बोर्डावरच्या थकलेल्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या छोट्या भागांवर) जातो. उलट, थंड असताना ठीक आणि अर्ध्या तासाने बंद, तर आधी उष्णता तपासा. उत्तरं कागदावर लिहून ठेवा, कारण तिसऱ्या तासाला ‘आवाज आधी आला की स्क्रीन आधी गेली’ हे कुणालाच आठवत नाही.

कॅबिनेट उघडण्याआधी मागची बाजू बघून घ्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची वायर त्या कार्डाच्या पोर्टमध्ये हवी, मदरबोर्डच्या नव्हे. हलवाहलवीनंतर डिस्प्ले न येण्याचं हे नेहमीचं कारण आहे आणि ते दहा सेकंदांत कळतं.

पासवर्ड लागेल तिथे मित्रालाच टाइप करू द्या. त्याच्या मशीनमध्ये त्याचं सगळं आयुष्य असतं. कामापुरतेच फोल्डर उघडायचे. आणि एक गोष्ट आत्ताच विचारून घ्या: ड्राइव्हवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का? असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय बायोसमध्ये काहीही बदलू नका.

डेटा

पीसी चालू होत असेल तर पहिलं काम डिस्कची तब्येत बघणं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरतं. डिस्क स्वतःच्या चुका स्वतःच नोंदवत असते, त्या नोंदीला स्मार्ट म्हणतात. यादी लांबलचक दिसते, पण मी चारच ओळी बघतो. ०५ म्हणजे खराब निघाल्यामुळे डिस्कने बदलून टाकलेले सेक्टर (डेटा साठवण्याचे बारीक तुकडे). सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले. सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. या तिन्हींचा रॉ, म्हणजे मूळ आकडा शून्य हवा. सी५ शून्याच्या वर आणि बघता बघता वाढत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून कॉपी सुरू करा. चौथी ओळ सी७. तो आकडा वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून तिला बोर्डाशी जोडणाऱ्या सॅटा केबलचा असतो. केबल बदला, तो आकडा तिथेच थांबतो का ते बघा. तो पुन्हा शून्यावर येत नाही, त्यामुळे आकडा बघून घाबरायचं नाही, वाढ बघायची.

डिस्कमधून टक्-टक् असा ठराविक अंतराने आवाज येत असेल तर पीसी लगेच बंद करा. आतलं, डेटा वाचणारं हेड अडखळत असल्याची ती खूण आहे. प्रत्येक वेळी चालू करताना डेटा परत मिळण्याची शक्यता कमी होते. डेटा महत्त्वाचा असेल तर इथे आपला हात थांबवायचा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्या प्रयोगशाळेचा रस्ता मित्राला सांगायचा. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्यासारखे ऐकीव उपाय करू नका. आत दव साचून उरलीसुरली आशाही जाते.

विंडोज येतच नसेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी, मोफत सिस्टिम) चालवा. दुसऱ्या पीसीवर रुफससारख्या टूलने लिनक्स मिंटची आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर उतरवा, बिघडलेला पीसी चालू करताना बूट मेनूची की दाबा (कंपनीनुसार एफ८, एफ११, एफ१२ किंवा एस्केप) आणि पेन ड्राइव्ह निवडा. काहीही इन्स्टॉल न करता डेस्कटॉप येतो आणि विंडोजच्या फाइली दिसतात. विंडोज अर्धवट झोपेत बंद झालं असेल तर लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतं. आपल्याला तेवढंच हवं असतं. लिनक्स नीट चाललं तर आणखी एक गोष्ट कळते: रॅम, प्रोसेसर, बोर्ड बहुतेक ठीक आहेत, आणि दोष डिस्कमध्ये किंवा विंडोजमध्ये आहे.

कॉपी करताना सगळा ड्राइव्ह एका दमात ओढू नका. आधी जे पुन्हा मिळणार नाही ते: फोटो, कागदपत्रं, स्कॅन. मग बाकीचं. खराब सेक्टर असतील तर साधी कॉपी एका फाइलवर अडून बसते आणि तिथेच डिस्कला घासत राहते. अशा वेळी लिनक्समधलं डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलून घेतं, अडलेल्या जागा एका नकाशा-फाइलमध्ये टिपतं आणि त्यांच्याकडे नंतर वळतं. मध्येच बंद केलं तरी पुढच्या वेळी तिथूनच चालू होतं. एवढं होईपर्यंत विंडोजची डिस्क तपासणारी चेकडिस्क चालवायची नाही. ती फाइलसिस्टिम सुसंगत करायला बसलेली असते, तुमच्या फाइली वाचवायला नाही, आणि आजारी डिस्कवर तिचं लिखाण महागात पडतं.

लोक डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आठवणीने सांगतात, बाकीचं विसरतात. म्हणून मीच विचारतो: ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड? आउटलुकची, ईमेल साठवणारी पीएसटी फाइल? हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, जो अनेकदा सी ड्राइव्हच्या मुळाशीच वेगळ्या फोल्डरमध्ये असतो? फोनचा बॅकअप? आणि फॉन्ट. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं, पत्रिका, कविता मित्राकडे असतील तर विंडोजचा फॉन्ट्स फोल्डरही उचला. फाइल बचावली पण तो फॉन्ट गेला, तर उघडल्यावर नुसती अक्षरांची खिचडी दिसते, आणि बारा वर्षांपूर्वीचा नेमका तोच फॉन्ट पुन्हा शोधणं फार जिकिरीचं असतं.

कॉपी झाली की दुसऱ्या मशीनवर दहा-बारा फाइली प्रत्यक्ष उघडून बघा. नाव आणि आकार दिसतो म्हणून फाइल शाबूत आहे असं नाही.

कॅबिनेट उघडल्यावर

वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण एकदा दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, तुमच्या अंगावरची स्थिर वीज तिथे उतरू द्या. आणि कशालाही हात लावण्याआधी फोटो काढा. विशेषतः खालच्या कोपऱ्यातल्या त्या बारीक वायरींचा, ज्या पुढच्या बटणापासून आणि दिव्यांपासून येतात. त्यांची जागा प्रत्येक बोर्डावर वेगळी असते.

धूळ मऊ ब्रशने आणि ब्लोअरने काढा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ते मोकळं भरारलं तर बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नको, त्याच्या नळीवर स्थिर वीज साचते. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये आणि पंख्याच्या मध्ये बसलेला धुळीचा थर हा खरा गुन्हेगार असतो; वरून पंखा स्वच्छ दिसत असला तरी तो काढून खाली बघा. एसएमपीएस मात्र उघडायचा नाही. वायर काढल्यानंतरही त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टपेक्षा जास्त दाब शिल्लक असू शकतो.

आता टॉर्च घेऊन बोर्डावरचे उभे, गोल कपॅसिटर बघा, खास करून प्रोसेसरच्या आजूबाजूचे. माथा सपाट हवा. तो फुगलेला असेल, वरच्या खाचेतून तपकिरी काही बाहेर आलेलं असेल, तर रहस्य बहुधा उलगडलं. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या बोर्डांमध्ये हा दोष फार मोठ्या प्रमाणावर होता. सोल्डरिंगचा चांगला हात असेल तर ते बदलता येतात. नसेल तर मदरबोर्डवर शिकू नका.

पीसी तापून बंद पडत असेल तर हीटसिंक काढून त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली जुनी थर्मल पेस्ट बघा. ती खडूसारखी सुकलेली असते. काढण्याआधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, म्हणजे पेस्ट सैल होते. एएमडीच्या जुन्या पिनवाल्या प्रोसेसरच्या बाबतीत हे विसरू नका: हीटसिंक सरळ वर ओढलात तर सॉकेटची कडी बंद असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. डावी-उजवीकडे हळू फिरवत सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी मटारच्या दाण्याएवढी मध्यभागी ठेवा आणि हीटसिंकच्या दाबाने पसरू द्या. इंटेलच्या चार प्लास्टिक खुंट्यांच्या कूलरमध्ये खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत जोडीने दाबा, प्रत्येकीचा टक् आवाज ऐका. एक जरी अर्धवट राहिली तरी हीटसिंक तिरका बसतो आणि पेस्ट बदलून उपयोग होत नाही.

रॅमच्या काड्या काढून पुन्हा बसवणं या एका कृतीने जितके ‘मेलेले’ पीसी उठतात तितके दुसऱ्या कशानेही नाही. सोनेरी पट्ट्यांवर वर्षानुवर्षं बारीक थर बसतो आणि संपर्क तुटतो. बरेच जण खोडरबर घासतात. त्याने काम होतं, पण भुगा स्लॉटमध्ये जातो आणि घासण्याने मुलामा झिजतो, म्हणून मी अल्कोहोल लावलेलं तंतू न सोडणारं कापडच वापरतो. काडी बसवताना दोन्ही टोकं दाबा, कड्या आपोआप मिटल्या पाहिजेत. तरीही डिस्प्ले नाही? मग सगळं काढा: डिस्क, डीव्हीडी, जास्तीची कार्डं. प्रोसेसर, एकच रॅम, ऑनबोर्ड ग्राफिक्स, बस. बोर्डावर स्पीकर असेल तर बीप मोजा आणि बायोसच्या कंपनीप्रमाणे त्याचा अर्थ लावा. एवढ्यावर चालला की एकेक वस्तू परत जोडा. ज्या वस्तूपाशी बंद पडेल, ती दोषी. दोन वस्तू एकदम जोडण्याचा मोह टाळा.

तो नाण्याएवढा सेल

याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण जुन्या पीसीत याच्याइतकं साधं आणि याच्याइतकं फसवं दुसरं काही नसतं. बोर्डावरचा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा सेल पीसीची वायर काढलेली असतानाही घड्याळ चालू ठेवतो. बायोसच्या सेटिंगही जुन्या बोर्डांवर त्याच्याच जिवावर असतात. काही वर्षांनी तो उतरतो. मल्टीमीटरवर २.८ च्या खाली दिसला की मी बदलतोच.

उतरल्यावर तक्रारी कशा येतात बघा. ‘इंटरनेट बिघडलंय, एकही साइट उघडत नाही.’ प्रत्यक्षात तारीख मागे गेलेली असते, आणि साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र त्या तारखेला अजून जन्मलेलंच नसतं, म्हणून ब्राउझर आडवा येतो. ‘अँटिव्हायरस अपडेट होत नाही.’ तेच कारण. ‘चालू करताना एफ१ दाबायला सांगतो.’ तेच.

आणि सगळ्यांत वाईट: ‘विंडोज उडालं, निळी स्क्रीन येते.’ सेल संपला की बायोस मूळ सेटिंगवर जातो, आणि त्यात सॅटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, बदलू शकतो. विंडोज टाकताना एएचसीआय होतं, आता आयडीई झालं, किंवा उलट. मग विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नाही आणि ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ किंवा शेवटी ७बी असलेला कोड दाखवून ते थांबतं. इथे कितीतरी लोक फॉरमॅट मारतात. गरज असते बायोसमध्ये जाऊन तो एक मोड पूर्ववत करण्याची. म्हणून सेल काढण्याआधी, सेटिंग अजून शाबूत असतील तर, बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो घ्या: सॅटा मोड, बूटचा क्रम, लेगसी की यूईएफआय (चालू होण्याची जुनी की नवी पद्धत). नवा सेल बसवताना अधिकचं चिन्ह वर.

एसएमपीएस आणि रॅमची परीक्षा

मल्टीमीटर असेल तर पीसी चालू असताना रिकाम्या चार पिनांच्या कनेक्टरवर मोजा. काळी वायर ग्राउंड, पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट. पाच टक्क्यांचा फरक चालतो, म्हणजे पिवळीवर ११.४ ते १२.६ आणि लालवर ४.७५ ते ५.२५. नुसता डेस्कटॉप उघडा असताना नव्हे, मशीनवर लोड असताना मोजा. थकलेला एसएमपीएस तेव्हाच उघडा पडतो. आकडे ठीक असूनही संशय असेल तर खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून बघणं हाच उत्तम उपाय. प्रोब धरताना दोन वायरी एकमेकींना टेकणार नाहीत याची काळजी घ्या.

रॅमसाठी मेमटेस्ट८६ प्लस पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एक जरी चूक दिसली तरी ती रॅम नापास, ‘एकच तर आहे’ असं म्हणायचं नाही. काड्या एकेक करून तपासा, आणि नापास काडी दुसऱ्या स्लॉटमध्येही लावून बघा, कारण कधी दोष स्लॉटचा असतो.

आता वेग

सगळं ठीक आहे, फक्त फार हळू आहे, अशा मशीनला माझा एकच उपाय: एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या हार्ड डिस्कला हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंदांहून जास्त थांबावं लागतं, हेड सरकवण्याचा वेळ वेगळाच. एसएसडीला मिलिसेकंदाचा छोटासा अंश पुरतो. विंडोज सुरू होताना अशा हजारो लहान लहान फाइली वाचतं, म्हणून जुन्या सॅटा पोर्टवर एसएसडी पूर्ण वेगाने धावली नाही तरी फरक डोळ्यांना दिसतो. रॅम वाढवायची असेल तर आधी विंडोज ३२-बिट आहे का बघा. ते घरच्या पीसीत ४ जीबीच्या वरची रॅम वापरत नाही. डीडीआर२ आणि डीडीआर३ च्या खाचा वेगळ्या जागी असतात, जोर लावून बसवू नका.

फॉरमॅटची वेळ आली तर ती इथे येते, नव्या एसएसडीवर, जुनी डिस्क बाजूला काढून ठेवलेली असताना. कोणती सिस्टिम टाकायची हे मित्राशी बोलून ठरवा. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ अधिकृतपणे टीपीएम २.० (हार्डवेअरमधली सुरक्षेची सोय) मागतं, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळपास सगळे प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत. पळवाटा आहेत, पण मित्राच्या पीसीत मी त्या वापरत नाही; पुढच्या एखाद्या अपडेटने अडवलं तर तो एकटा पडतो. ब्राउझर, ईमेल, पत्रं टाइप करणं एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट सुचवा, पण आधी पेन ड्राइव्हवरूनच त्याच्या हातात द्या, त्याचा प्रिंटर आणि स्कॅनर चालतो का बघा. विंडोजवरच चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर रोज लागत असेल तर हा विषय वाढवू नका.

जुनंच विंडोज ठेवायचं असेल तर टास्क मॅनेजरमधून सुरुवातीला आपोआप चालू होणारे प्रोग्राम बंद करा आणि दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका.

परत देताना

मित्रासमोर चालवून दाखवा, त्याच्या रोजच्या वापराने: प्रिंट काढायला लावा, आवाज, प्रत्येक यूएसबी पोर्ट, झोपवून पुन्हा उठवणं. तासभर व्हिडिओ चालू ठेवून तापमान बघा. इंटेलचा प्रोसेसर लोडवर ८० अंशांच्या आत राहिला तर मी निश्चिंत असतो. एएमडीच्या जुन्या प्रोसेसरची मर्यादा याहून बरीच खाली असते, त्यामुळे मॉडेल बघून ठरवा. काय बदललं, काय तसंच आहे, बायोसमधला सॅटा मोड कोणता, हे एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी उघडणाऱ्याचे दोन तास वाचतात, मग तो तुम्ही असा की दुसरा कुणी.

मदरबोर्डच गेला असेल तर तसं स्पष्ट सांगा. त्याच पिढीचा जुना बोर्ड शोधून बसवण्यात अर्थ नसतो. तोही तितकाच थकलेला असतो. डिस्क काढून यूएसबी-सॅटा अडॅप्टरने दुसऱ्या मशीनला जोडा आणि डेटा मित्राच्या हाती द्या.

बदललेली जुनी डिस्क पुसू नका, फेकू नका. तिच्यावर तारीख आणि ‘जुनी, डेटा आहे’ असं लिहून ती मित्रालाच परत करा. तीन-चार आठवड्यांनी फोन येतो, ‘अरे, तो अमुक एक फोल्डर कुठे गेला?’ तेव्हा ती लागते.